मराठी पॉप बँड काढून दीड वर्ष झालं, कुठलं लेबल (गाणी काढणारी कंपनी) घेत नाही. आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघं जण, सगळे पुण्यातले, दोघं नोकरीत दोघं अजून कॉलेजात, मराठीत स्वतःची पाच गाणी, दीड वर्षात अकरा कार्यक्रम आणि त्यातले आठ फुकट. लेबलांना मेल टाकले, उत्तरं नाहीत. आता एका छोट्या कंपनीने 'गाणी आम्हाला द्या, रिलीजचं आम्ही बघतो' म्हणून दोन पानी कागद पाठवलाय. सही करायची का, आणि नाही केली तर असं कॅफेत अजून किती दिवस वाजवत बसायचं.

मी २००३ ते २०१२ एका बँडमध्ये बेस गिटार वाजवला. नऊ वर्षं, लेबल शून्य. त्यानंतर लाइव्ह साउंडमध्ये शिरलो, त्यामुळे दर वर्षी दहा-बारा नवीन बँड माझ्या मिक्सरसमोरून जातात, काही पुढच्या वर्षी परत दिसतात, बरेचसे दिसत नाहीत. जे दिसत नाहीत त्यांच्याकडे लेबल नव्हतं म्हणून ते गेले असं मी एकदाही बघितलेलं नाही. ते गेले कारण गाणं कोणाचं, पैसे कोणाकडे, आणि मंगळवारी प्रॅक्टिसला कोण आला नाही, या तीन गोष्टी कुठे लिहिलेल्या नव्हत्या. म्हणून माझं पहिलं उत्तर असं की आज सही करू नका, आधी पन्नास रुपयांची एक वही घ्या. वहीत काय लिहायचं ते सांगतो पण त्याआधी वाजवण्याचं बोलू, कारण पाच गाण्यांवर बँड होत नाही.

तुम्ही लिहिलंय की आठवड्यातून एकदा जॅमरूम, म्हणजे भाड्याची प्रॅक्टिसची खोली, घेता, दोन तास. ठीक आहे, पण त्यातला पाऊण तास वायरी लावण्यात आणि ट्यूनिंगमध्ये जातो, वीस मिनिटं कुणीतरी चहाला जातं आणि उरलेल्या वेळात तुम्ही तेच गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत चारदा वाजवता, बरोबर ना? आम्हीही हेच करायचो. गाणं बसतं ते पूर्ण वाजवून नाही, ते बसतं जिथे तुटतंय ती चार मापं (बार) वीस वेळा वाजवून. अंतऱ्यातून परत मुखड्यावर येताना ड्रमर पळतो आणि गायक मागे राहतो, ९०% नव्या बँडचा घोळ तिथेच असतो. फोनवर रेकॉर्ड करा, घरी जाऊन ऐका, कुठल्या मिनिटाला काय तुटलं ते वहीत लिहा, पुढच्या मंगळवारी फक्त तेवढंच घ्या. आणि शब्द पाठ करणं, कॉर्ड शोधणं, वाद घालणं ही कामं भाड्याच्या तासात करायची नाहीत, ती कुणाच्या तरी गच्चीवर करायची. जॅमरूमच्या घड्याळाचे पैसे पडतात, गच्चीचे नाही.

आता पट्टी, म्हणजे गाणाऱ्याचा सा कुठल्या सुरावर ते. हे मी मुद्दाम लांबवून लिहितोय कारण मराठी बँडमध्ये हा घोळ फार असतो. आपले गाणारे बहुतेक जण पेटीवर शिकलेले, त्यांना विचारलं तर सांगतात 'माझी काळी दोन'. गिटारवाला यूट्यूबवर शिकलेला, त्याला ई, जी, डी एवढंच प्रेमाने वाजवता येतं. मग होतं काय, गाणं ई मध्ये बसवतात, कारण गिटार छान वाजते, आणि वरच्या पट्टीत गायकाचा गळा पिळवटतो, जॅमरूममध्ये एकदा जातं ते निभावून, पण कार्यक्रमात सातव्या गाण्याला आवाज फाटतो. काळी दोन म्हणजे गिटारवाल्यांच्या भाषेत डी शार्प. गिटार आणि बेस दोन्ही अर्धा सूर उतरवून घ्या, ई चा शेप धरला की काळी दोनच वाजते, प्रश्न मिटला. तारा थोड्या सैल वाटतील, एक नंबर जाड सेट टाका. गायिकेची पट्टी काळी चारच्या आसपास असायची शक्यता जास्त, म्हणजे जी शार्प, तिथे जी च्या शेपला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा). गळा बदलता येत नाही, गिटार बदलता येते, एवढं डोक्यात ठेवा. आमच्या गायकाने तीन वर्षं सांगितलं नाही की त्याला त्रास होतोय, कारण त्याला वाटायचं रॉकवाल्यांसमोर पट्टी-बिट्टी बोलणं म्हणजे जुनाट.

तुमची दोन गाणी ऐकली. चाली चांगल्या आहेत, खरंच. पण एका ठिकाणी 'कधी'चं 'कधि' झालंय, 'क' वर जोर आणि 'धी' तोडलेला. हे होतं कारण चाल आधी इंग्रजी बरळत बनवली जाते, ला ला ला येह येह, आणि मग त्या साच्यात मराठी शब्द कोंबले जातात. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, तो फक्त म्हणतो 'काहीतरी डब केल्यासारखं वाटतंय'. शब्द आधी नुसते बोलून बघा, वाक्य जिथे आपोआप लांबतं तिथे चाल लांबवा. हे कुठलं व्याकरण नाही, आईला फोनवर वाक्य म्हणून दाखवा, तिला कळलं तर पास.

कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवावीत का, हे तुम्ही जरा लाजत विचारलंय. वाजवा की! पाच गाण्यांवर पाऊण तास निघतच नाही. बीटल्स १९६० मध्ये हॅम्बुर्गच्या क्लबात रात्र रात्र वाजवायचे तेव्हा बहुतेक दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचे, आणि १ जानेवारी १९६२ ला डेका कंपनीसमोर ऑडिशन दिली त्यात पंधरा गाण्यांपैकी स्वतःची फक्त तीन होती. (कंपनीने नाही म्हटलं, तेवढा दिलासा घ्या.) फक्त कव्हर निवडताना एक नियम पाळा, जे गाणं तुमच्या स्वतःच्या गाण्याच्या शेजारी ठेवलं तर तुमचं गाणं बारीक वाटेल ते घ्यायचं नाही. आम्ही एकदा आमच्या सगळ्यात हळव्या गाण्याच्या आधी एक दणदणीत नाचाचं गाणं घेतलं, पब्लिक उभं राहिलं, मग आमचं गाणं सुरू झालं आणि सगळे वडापावच्या स्टॉलकडे गेले. तो स्टॉलवाला अजून माझा मित्र आहे.

सेटची, म्हणजे सलग वाजवायच्या गाण्यांच्या यादीची, लांबी एक नको, तीन करा. वीस मिनिटं, पंचेचाळीस मिनिटं आणि दीड तास. वीस मिनिटांचा सेट सगळ्यात महत्त्वाचा, सांगतो का. सोसायटीच्या किंवा मंडळाच्या गणपतीत तुम्हाला साडेआठची वेळ देतात. साडेआठला आरती असते. मग लहान मुलांचे डान्स, मग बक्षीस समारंभ, मग नगरसेवक येतात, मग नगरसेवकांचे सत्कार, आणि तुम्ही स्टेजवर चढता तेव्हा नऊ पस्तीस झालेले असतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री दहाला लाउडस्पीकर बंद म्हणजे बंद, वर्षातल्या ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं पण तुमचा दिवस त्यातला नसतोच. म्हणजे हातात पंचवीस मिनिटं, त्यातली पाच लाइन चेकला (प्रत्येक माइक आणि वायर चालते का ते बघायला). ज्यांच्याकडे वीस मिनिटांचा सेट तयार असतो ते लक्षात राहतात. बाकीचे 'अजून एक गाणं घेऊ का' असं साउंडवाल्याला विचारत राहतात आणि पहिल्या कडव्यात लाइट जाते.

साउंडवाला म्हणून माझं थोडं ऐका. सोसायटीतला सेटअप हा अनाउन्समेंटचा असतो, दोन माइक, दोन टॉप (लोकांकडे तोंड केलेले स्पीकर), मॉनिटर (वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) नाही, आणि इको फुल्ल कारण निवेदकाला तो आवडतो. पहिलं काम म्हणजे प्रेमाने तो इको बंद करायला सांगणं. दुसरं, स्वतःचा डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडायची डबी) आणि दोन चांगल्या केबल जवळ ठेवा, इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत कनेक्टर घेऊन स्वतः सोल्डर केल्या तर स्वस्तात होतात आणि तुटली तर दुरुस्तही करता येते. अकूस्टिकच्या पिकअपमधली नऊ व्होल्टची बॅटरी प्रत्येक कार्यक्रमाआधी बदला, ती नेहमी शेवटच्या गाण्यातच मरते. एसएम ५८ सारखा एक माइक गायकाचा स्वतःचा असला तर उत्तम, आवाजाला ओळखीचा माइक आणि तोंडाला कुणाची थुंकी नाही. चॅनल लिस्ट आदल्या दिवशी पाठवा, साध्या मेसेजवर, गाणारे दोन, अकूस्टिक डीआय, कीबोर्ड स्टीरिओ, बेस डीआय, कहोनला (बसून वाजवायच्या लाकडी खोक्याला) एक माइक. माझ्याकडे अशी लिस्ट पाठवणारे बँड वर्षाला दोन येतात आणि त्या दोघांना मी कधीच विसरत नाही. आणि स्टेजवर 'मॉनिटर देना भैया' असं माइकवरून ओरडू नका, साउंडवाला बहुतेक कसबा पेठेतला असतो आणि त्याला मराठी येतं.

आता पैसे. ऑर्केस्ट्रावाले सुपारी म्हणतात, शास्त्रीयवाले मानधन म्हणतात, तुम्ही 'एक्सपोजर' म्हणताय. अकरात आठ फुकट हे जास्त झालं. माझा हिशेब असा की फुकट फक्त तिथे वाजवायचं जिथे ऐकणारे बसून ऐकतात किंवा जिथलं रेकॉर्डिंग तुम्हाला मिळतं. शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचासारखी जागा घ्या, छोटी आहे, पण येणारा माणूस ऐकायलाच आलेला असतो, तिथे स्वतःचा तिकीट लावून प्रयोग करा, ऐंशी लोक आले तरी कॅफेतल्या सहा रात्रींपेक्षा जास्त शिकाल. कॅफेत लोक पास्ता खायला आलेले असतात, त्यांचा काही दोष नाही.

जिथे पैसे आहेत तिथे निम्मे आधी. एका कॉलेजच्या कमिटीने आम्हाला 'चेक प्रोसेसमध्ये आहे' असं सात महिने सांगितलं, तोवर ती कमिटी पास होऊन बंगळुरूला नोकरीला लागली. पैसे आजतागायत आलेले नाहीत. मोठे आयोजक १०% टीडीएस कापतात, तो बुडत नाही, ज्याच्या पॅनवर कापला त्याने रिटर्न भरताना तो आपल्या करात धरायचा, जास्तीचा असेल तो परत मागायचा असतो. इथेच गंमत आहे. सगळे पैसे एकाच्या खात्यात येतात, कागदावर ते त्याचंच उत्पन्न दिसतं, टीडीएसचा फायदाही त्यालाच मिळतो आणि बाकीच्यांना वाटतं हा खातोय. तो खात नसतो, त्याला फक्त एक्सेल येत नसतं. म्हणून वहीचं पहिलं पान: तारीख, जागा, ठरले किती, आले किती, टेम्पो-पेट्रोल किती, गल्ल्यात किती, प्रत्येकाला किती. आधी खर्च काढायचा, मग पाचवा हिस्सा बँडच्या गल्ल्यात, उरलेलं समान. गाडी ज्याची त्याला पेट्रोल वेगळं. ड्रमरला समान वाटा आणि वर सामान वाहायला मदत, ही माझी अट आहे, कुठल्याही बँडला.

वहीचं दुसरं पान सगळ्यात महागाचं. आमचं एक गाणं होतं, लोक स्टेजखालून ओरडून मागायचे असं एकमेव. मुखडा गायकाचा, शब्द त्याच्या मित्राचे जो बँडमध्ये नव्हताच, अंतऱ्याची चाल कीबोर्डवाल्याने एका रात्री माझ्या घरी बसून काढली, आणि ज्या बेसच्या चालीवर ते गाणं ओळखलं जायचं ती माझी. स्टुडिओचं बिल ड्रमरच्या वडिलांनी भरलं. २०१० ला कोरेगाव पार्कात एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव पहिल्यांदा झाला, आम्ही सगळे तिकीट काढून गेलो, गर्दीत उभं राहून ठरवलं की पुढच्या वर्षी हे गाणं या स्टेजवर. पुढच्या वर्षी कीबोर्डवाला नोकरीसाठी परदेशी, ऑनसाइट गेला. त्याने जाताना सरळ विचारलं, माझी चाल आहे, माझं नाव आणि हिस्सा काय. आमच्याकडे उत्तर नव्हतं, मग प्रत्येकाने आपापलं उत्तर दिलं, प्रत्येकाच्या उत्तरात स्वतःचे ४०% होते. पाच चाळीस दोनशे. ते गाणं अजून एका हार्ड डिस्कवर पडलंय, माझ्या कपाटात, मिक्स होऊन तयार. कुणीही भांडत नाही आता, दिवाळीला मेसेज पण येतात, पण ते रिलीज करू या असं म्हणायची कुणाची हिंमत होत नाही.

तर दुसऱ्या पानावर प्रत्येक गाण्यासाठी चार ओळी. शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती टक्के, आणि रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला. चौघांच्या सह्या, तारीख. आणि हे सगळं, गाणं बसलं त्याच आठवड्यात लिहायचं, हिट झाल्यावर नाही, तेव्हा सगळे मोठे झालेले असतात. चौथी ओळ का, तर आपल्या कॉपीराइट कायद्यात शब्द, संगीत आणि रेकॉर्डिंग या तीन वेगळ्या मालमत्ता आहेत, आणि रेकॉर्डिंगचा मालक तो धरला जातो ज्याने ते करून घ्यायचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली, म्हणजे निर्माता. कुणाच्या काकांनी कौतुकाने बिल भरलं असेल तर ते उसने, भेट की गुंतवणूक, हे काकांना तेव्हाच विचारा. लाज वाटते, मान्य.

आता तुमच्या त्या दोन पानांकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात तीन गोष्टी मला दिसल्या. एक, 'सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभर'. दोन, बदल्यात रक्कम नाही, फक्त 'प्रमोशन'. तीन, पुढच्या दहा गाण्यांवर पहिला हक्क त्यांचा. आमचा बँड मोडला त्याच वर्षी, २०१२ ला, कायद्यात बदल झाला. त्यामुळे गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा तुम्ही सही करून दिला तरी कंपनीला देता येत नाही, तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. म्हणून शब्द-चाल करणाऱ्यांनी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासदत्व घ्या, लेबल असो नसो. पण रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर, ते एकदा लिहून दिलं की गेलं. कायदा एवढंच म्हणतो की करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. तुमच्या कागदात दोन्ही लिहिलंय, म्हणजे ज्याने तो बनवला त्याला हे कलम नीट माहितीये. परत लिहा, तीन वर्षं, ही दोनच गाणी, प्रमोशनवर किमान इतका खर्च आणि कशावर, मास्टर आमच्याकडेच, तुम्हाला फक्त परवाना. हो म्हणाले तर वकिलाला दाखवून करा. गप्प बसले तर उत्तर मिळालं. ते काही वाईट लोक नसतील, शंभर बँडना असाच कागद पाठवायचा, त्यातलं एक गाणं चाललं तर कमाई, असा तो धंदा आहे.

रिलीज तुम्हाला स्वतः जमतं. आमच्या वेळी सीडी छापायची, पाचशे प्रती, त्यातल्या साडेतीनशे अजून पलंगाखाली. आता डिस्ट्रिब्युटरकडून (गाणी स्पॉटिफायसारख्या अॅपवर चढवणारी कंपनी) महिन्याभरात सगळीकडे गाणं चढतं. फक्त काही जणांचं वर्षाच्या वर्गणीवर चालतं, वर्गणी थांबली की गाणी खाली उतरतात, ते आधी वाचा. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी नंबर मिळतो तो वहीत उतरवा, उद्या डिस्ट्रिब्युटर बदलला तर तोच नंबर द्यायचा म्हणजे जुने प्ले जात नाहीत. पैशाची आशा ठेवू नका. स्पॉटिफाय २०२४ पासून ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार प्ले नाहीत त्याची रेकॉर्डिंगची रॉयल्टी देतच नाही. आणि इंटरनेटवरून घेतलेला लूप (परत परत वाजणारा तयार तुकडा) वापरला असेल तर परवाना नीट बघा, तोच लूप दुसऱ्या कुणी आधी आपल्या गाण्यात टाकून यूट्यूबवर नोंदवला असेल तर तुमच्याच गाण्यावर कॉपीराइटचा क्लेम येतो, आणि तो सोडवता सोडवता पाडवा येतो. बँडचं नाव ट्रेडमार्कच्या साइटवर शोधून बघा, वर्ग ४१ मध्ये (करमणूक त्यात येते), कुणाचं नसेल तर व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाची फी ४५०० आहे, पण तो कोणाच्या नावाने करायचा हा परत वहीचा प्रश्न.

किती दिवस वाजवत राहायचं हे राहिलं. मला एवढं दिसतं की दीड वर्षात पाच गाणी हा वेग कमी आहे, अकरा कार्यक्रम ठीक आहेत. पुढच्या गणपतीपर्यंत बारा गाणी करा, त्यातली चार टाकून द्या. फिरोदिया करंडक, ती कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, केलेलं कुणी तुमच्यात आहे का? असेल तर त्याला कामाला लावा, एका महिन्यात शून्यातून संगीत उभं करायची सवय त्या पोरांना असते. नोकरी सोडू नका, कॉलेजवाल्या दोघांनी विषय राहू देऊ नका, घरून बँड बंद होतो तो एटीकेटीमुळे. माझ्या मावशीला अजून वाटतं मी लाल कोट घालून वरातीत ट्रम्पेट वाजवायचो, मी पण आता दुरुस्त करत नाही, ते लोक आमच्यापेक्षा दुप्पट कमवायचे.

कॅफेवाला नोव्हेंबरसाठी विचारतोय म्हणालात, तो कार्यक्रम घ्या, पण चार हजार मागा, अडीचवर येईल, वर चौघांचं जेवण म्हणावं. आणि दुसऱ्या गाण्यात गिटार जरा कमी करा, गाणाऱ्या बाईंचा आवाज झाकला जातोय.